माडीच्या फळ्या आणि माझी वही

आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडे असते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती अब्बांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे होती. ते गेले आणि वही आपोआप माझ्या टेबलावर आली. मी भाषेची शिक्षिका. पाचवी ते दहावीला उर्दू आणि मराठी शिकवते, गणिताशी माझं नातं बीएडच्या परीक्षेपुरतंच होतं. तरीही दूधवाला, वीजबिल, मुलीची क्लासची फी, रमजानमधली जकात, सगळं त्या वहीत माझ्याच अक्षरात आहे. यंदा फेब्रुवारीत तिच्यात एक नवं पान उघडलं. वर लिहिलं, ‘माडी – फळ्या’.

आमचं घर चिपळूणच्या बाजारपेठेजवळच्या एका गल्लीत आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि मधे लाकडाची माडी. माडीवर दोन खोल्या. पुढची सोळा बाय बारा, मागची सोळा बाय दहा. म्हणजे ३५२ चौरस फूट. खालून वर बघितलं की दिसतो तो कडीपाट, आणि वर पायाखाली येते ती तक्तपोशी. हा शब्द मला फार आवडतो. तख्ता म्हणजे फळी, पोश म्हणजे झाकणारा. फारसीतून आला आणि कोकणातल्या सुताराच्या तोंडी इतका मुरला की आता त्याला कुणी परका म्हणणार नाही. फरशीचंही तसंच, मूळ अरबी ‘फर्श’, अंथरलेलं ते. वर्गात मी मुलांना सांगते की घर बांधायला घ्या, मग कळेल आपण रोज किती भाषा बोलतो. अंदाज, खर्च, रक्कम, मजुरी, हिशेब, रंदा हे तिकडचे. करवत, सुतार, तुळई इकडचे. आणि बिल येतं ते इंग्रजीत.

तर या तक्तपोशीला वाळवी लागली होती.

एकदम नाही लागली. २०२१ च्या पुरानंतर नदीकडच्या भिंतीत जी ओल शिरली ती पुढे दोन उन्हाळ्यांत पूर्ण गेलीच नाही. भिंतीतून मातीच्या बारीक वाटा वर चढल्या. मी त्या झाडूने पुसायचे आणि विसरायचे. एक दिवस मुलगी पुढच्या खोलीत अभ्यास करत होती, खुर्ची मागे सरकवली आणि खुर्चीचा पाय फळीत घुसला. खाली बघितलं तर फळी वरून शाबूत आणि आत भुसा. आम्ही हसलो, कारण ती पडली नव्हती. रात्री मला झोप लागली नाही.

का लागली नाही ते सांगायचं तर त्या पुराबद्दल सांगावं लागेल. थोडक्यात सांगते, कारण चिपळूणकरांनी हे इतक्यांदा सांगितलंय की आता आमचं आम्हालाच ऐकवत नाही. २१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. करोनामुळे नमाज घरातच झाली, वाटे पोहोचवून झाले, आमचा वाटा फ्रिजमध्ये गेला. रात्रभर पाऊस. पहाटे हे उठले तेव्हा पाणी ओटीवर होतं. आमच्याकडे २००५ च्या पुराची खूण आहे. अब्बांनी माजघराच्या खांबाला, जिथपर्यंत तेव्हा पाणी आलं होतं तिथे एक खिळा ठोकला होता, जमिनीपासून तीन फुटांवर. आमचं सगळं सामान त्या खिळ्याच्या हिशेबाने ठेवलेलं असायचं. कपाट उंच विटांवर, तांदूळ त्याच्या वर. यावेळी तासाभरात खिळा बुडाला. मग आम्ही सामान वाचवायचं सोडलं आणि माडीवर गेलो. शेजारचं कुटुंबही आलं, त्यांचं घर बैठं आहे. त्यांचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं. दुपारपर्यंत त्या पुढच्या खोलीत चौदा माणसं होती.

जुन्या फळ्या. त्यांच्यात फटी असतातच. आम्ही मोबाइलच्या उजेडात त्या फटींतून खाली बघत होतो. जिना दिसत होता. जिन्याला नऊ पायऱ्या. पाणी कितव्या पायरीवर आलं ते मुलगी मोठ्याने मोजत होती आणि मी तिला गप्प कर म्हणत नव्हते, कारण मलाही तेच हवं होतं. सातवी पायरी बुडाली आणि पाणी थांबलं. खाली ईदचं मटण, यांच्या दुकानातून घरी आणून ठेवलेल्या वह्यांचे गठ्ठे, अम्मांचं शिलाई मशीन, सगळं चिखलात. वर चौदा माणसं कोरडी. अब्बांच्या वडिलांनी, जहाजावर नोकरी करून जमवलेल्या पैशांतून घातलेल्या त्या फळ्या चौदा जणांच्या वजनाने कुरकुरल्या, पण हलल्या नाहीत.

म्हणून वहीत ‘माडी – फळ्या’ असं लिहिताना माझ्या डोक्यात ती अभ्यासाची खोली नव्हती.

पहिल्यांदा गेले ते दुकानात. एका मोठ्या शोरूममध्ये लाकडी फ्लोअरिंगचे तुकडे भिंतीला लावून ठेवले होते, आमच्या शाळेत नकाशे लावतात तसे. तिथल्या मुलाने किल्लीने त्यावर ओरखडा मारून दाखवला. उमटला नाही. म्हणाला, मॅडम, फूट एकशे दहा रुपये, बसवून. मी मनात ३५२ ला ११० ने गुणलं. ३८,७२०. चाळीस हजारांत माडी नवी! मुलगी माझा हात दाबत होती. तिला तो फिकट राखाडी रंग आवडला होता, जो तिने फोनवर कुठल्याशा घरात बघितला होता.

मी शिक्षिका आहे, प्रश्न विचारायची सवय. हे खरं लाकूड आहे का? तो प्रामाणिक होता, म्हणाला, नाही. लॅमिनेट. लाकडाचा भुसा दाबून केलेला आठ मिलिमीटरचा बोर्ड, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर कडक पारदर्शक थर. ओरखडा त्या थरावर उमटत नाही. खरं लाकूड वर आणि खाली प्लाय असंही मिळतं, ते इंजिनिअर्ड वूड, त्याचा दर दुपटीच्या पुढे. पाणी लागलं तर? वरून सांडलं आणि लगेच पुसलं तर काही नाही, पण सांध्यातून आत गेलं तर बोर्ड कडेने फुगतो. हवेतल्या दमटपणाने तो थोडा पसरतोच, म्हणून भिंतीलगत बोटभर मोकळी जागा ठेवतात आणि वरून पट्टी मारतात. मी विचारलं, ही पट्टी एकशे दहात? नाही, ती वेगळी, धावत्या फुटावर. दाराशी जी पट्टी लागते ती? तीही वेगळी. खाली काय लागतं? सपाट जमीन, मॅडम. कोबा किंवा फरशी असेल तर उत्तम.

आमच्याकडे खाली हवा आहे. हवा आणि त्याखाली माजघर.

म्हणजे आधी कड्यांवर प्लाय हवा. घरी येऊन मांडलं. अठरा मिलिमीटरचा पाणी सोसणारा प्लाय, आठ बाय चारचा एक तुकडा ३२ चौरस फूट, तेव्हा अकरा बसतात, कापाकापीत एक जातो, म्हणून बारा. ४२,२४०. लॅमिनेट आठ टक्के जास्तीचं घ्यावं लागतं, ४१,८००. पट्ट्या ८,१००. आणि वाळवी खाल्लेल्या कड्या तर बदलायच्याच, त्या काही लॅमिनेटने झाकून सुधारत नाहीत. नव्या कड्या, जुनं काढण्याची मजुरी, वाळवीचं औषध, सुताराचे सात दिवस, टेम्पो, स्क्रू. बेरीज आली १,५०,०५०. दुकानातले ३८,७२० आणि वहीतले दीड लाख, दोन्ही खरेच. फुटाचा दर हा नेहमी वरच्या थराचा दर असतो. खालचं कुणी फुटावर सांगत नाही.

यांचं मत आधीपासून वेगळं होतं. लाकूड नकोच. स्लॅब टाकू आणि वर लाकडाच्या नक्षीची टाइल लावू, दिसायला लाकूडच. हे पुरात दुकान गेलेला माणूस बोलत होता. त्यांना आता फक्त दगड, लोखंड आणि सिमेंट यांवरच भरवसा वाटतो, आणि मी त्यांना दोष देत नाही. एका ओळखीच्या इंजिनिअरला घर दाखवलं. तो म्हणाला, या जांभ्याच्या भिंतींवर स्लॅबचं वजन नाही टाकता येणार, त्यासाठी वेगळे कॉलम, पाया, म्हणजे घर अर्धं पाडा. आकडा त्याने सांगितला तो मी वहीत लिहिला नाही.

मग सुतारमामांना बोलावलं. अब्बांच्या वेळेपासून आमच्या घरचं काम तेच करतात. त्यांनी चप्पल जिन्याखाली काढली, वर गेले, आणि हातोडीच्या दांड्याने एकेक फळी ठोकत खोलीभर फिरले. चांगली फळी टणक वाजते, पोखरलेली भद्द करते. माझ्या मुलीच्या हातात खडू दिला आणि म्हणाले, मी सांगेन तिथे फुली मार. फळ्या आठ फुटी, आठ इंच रुंदीच्या. पुढच्या खोलीत छत्तीस, मागच्या खोलीत तीस. फुल्या पडल्या पुढे एकोणीस, मागे सहा. आणि नदीकडच्या भिंतीत टेकलेल्या सहा कड्या. भिंतीत जे टोक असतं तेच आधी जातं, मामा म्हणाले, पूर्वी त्या टोकाला डांबर फासायचे.

‘सगळं सागवानात नवीन केलं तर किती?’ मी विचारलं. विचारायला काय जातं!

मामांनी मला सीएफटी शिकवलं. एक इंच जाडीच्या बारा चौरस फूट फळीला एक घनफूट लाकूड लागतं. ३५२ भागिले १२, साधारण २९ आणि थोडं. रंद्यात, कापण्यात, गाठी निघण्यात जातं ते धरून ३४. वखारीत मला सागवानाचा दर ३,८०० रुपये सांगितला होता. १,२९,२०० झाले, त्यावर अठरा टक्के जीएसटी २३,२५६. कड्यांना ऐनाचं लाकूड चालतं, दहा घनफूट, करासकट २५,९६०. सुतार आणि मदतनीस मिळून दिवसाचे १,८५० प्रमाणे सोळा दिवस, पॉलिश, औषध, टेम्पो. शेवटी दहा टक्के किरकोळ. २,७५,१५०. मी ती बेरीज दोनदा केली आणि खाली एक रेघ मारून मागे ‘माशाल्ला’ लिहिलं. मुलीने ते वाचलं आणि हसत सुटली.

इथे हितचिंतक सल्ले देतात. यांच्या चुलतभावाने सांगितलं, गावच्या जमिनीत आपलंच सागाचं झाड आहे, तोडा की. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी साग तोडायला परवानगी लागते, १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे, लाकूड आणायला वाहतुकीचा पास लागतो. ते सगळं मिळालं तरी ओलं लाकूड फळी करून लगेच ठोकलं तर पहिल्याच उन्हाळ्यात वाकडं होतं. इंचभर जाडीला वर्षभर सुकवावं, असं मामांचं गणित. म्हणजे झाड पुढच्या पिढीला. दुसरा सल्ला आला शाळेतून, पतपेढीचं कर्ज काढ, शिक्षकांना लगेच मिळतं. माझ्या सहकाऱ्यांपैकी जे २००५ च्या आधी लागले ते भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतात. मी २००८ ला लागले, माझ्यासाठी तो दरवाजाच नाही. आणि पतपेढीचं नाव काढलं की अम्मा गप्प होतात. व्याज घेऊ नये आणि देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. मी काही त्यांच्याइतकी कडक नाही. पुरानंतर दुकान उभं करायला यांनी बँकेचं कर्ज घेतलं तेव्हा मीच जामीन राहिले होते. पण त्या कर्जाचा हप्ता अजून चालू आहे, आणि एका हप्त्यावर दुसरा हप्ता चढवायचा नाही, हे माझं म्हणणं. अम्मांचं कारण वेगळं, माझं वेगळं, उत्तर एकच आलं.

माझ्याकडे होतं काय? वर्षभर बाजूला काढलेले ४१,०००. सोनं धरलं की मी निसाबच्या वर जाते, तेव्हा रमजानात त्यावरची जकात दिली, १,०२५. राहिले ३९,९७५. वरचे पंचवीस पर्समधून टाकले, आकडा गोल दिसावा म्हणून. आणि भिशी. आम्ही वीस जणी, महिन्याला तीन तीन हजार, चिठ्ठी निघेल तिला साठ हजार. माझा नंबर दिवाळीनंतर होता. एप्रिलचा नंबर ज्या मैत्रिणीचा होता तिने बदलून दिला. तिचं लग्न झालं तेव्हापासून ती हिंदू कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि पुराच्या दिवशी दोन दिवस आमची काळजी करत होती. ‘फळ्यांसाठी आहे ना, मग घे,’ एवढंच म्हणाली.

एक लाख. पावणेतीन लाखांसमोर एक लाख.

तेव्हा मामांनी तो मार्ग सांगितला जो त्यांनी पहिल्या दिवशीच सांगायला हवा होता, पण बहुधा मी आधी आकडे बघून घाबरावं अशी त्यांची इच्छा असावी. एकेचाळीस फळ्या चांगल्या आहेत. त्या बदलायच्या कशाला? फक्त फुल्यांच्या जागी दुसऱ्या टाकायच्या. आणि नव्या सागवानाच्या ऐवजी जुन्या. आमच्या गल्लीच्या टोकाचं एक घर पाडायचं चाललं होतं. मालक मुंबईला, पुरानंतर परत आलेच नाहीत. त्यांचं लाकूड विकायला काढलं होतं, २,२०० रुपये घनफूट. शंभर वर्षं सुकलेलं, आता कुठे वाकणार! तेरा घनफूट, २८,६०० रुपये. सगळं मिळून, किरकोळ धरून, १,०३,६८६.

मी ते लाकूड बघायला गेले. घराचे दरवाजे काढून अंगणात उभे केले होते, नुसते चौकटीसकट, कुठेच न उघडणारे. त्या घरात मी ईदला शिरखुर्मा प्यायलेय. माडीच्या फळ्या एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीवर मधोमध वर्षानुवर्षं माणसं चालून आलेली झीज. मला विचित्र वाटलं. दुसऱ्याच्या घराची जमीन आपण आपल्या घरात घालणार. घरी येऊन अम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘चूल पेटवायला गेलं असतं तर बरं वाटलं असतं का?’

म्हणजे ठरलं. वहीचं पान भरलं, खाली दोन रेघा मारल्या. तीन हजार सहाशे शहाऐंशी रुपये कमी पडत होते, ते मे महिन्याच्या पगारातून.

कामाच्या आठवडाभर आधी मामा माप घ्यायला आले. आठ फुटी फळी जिन्यातून वर कशी न्यायची ते बघत होते. आमचा जिना म्हणजे जुन्या घरांत असतो तसा, जिना कमी आणि शिडी जास्त. एकेक पायरी एक फूट उंच, पाऊल अर्धंच मावतं, धरायला भिंतीतला एक दोर. मामांनी वर जाऊन खाली येऊन श्वास घेतला आणि सहज विचारलं, ‘बाई, अम्मांना वर कशा नेता?’

मी म्हणाले, ‘त्या वर जात नाहीत.’

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या वर जात नाहीत. जवळजवळ तीन वर्षं गेलेल्या नाहीत. पुराच्या दिवशी यांनी त्यांना पाठीवर घेऊन नेलं होतं. सहाव्या पायरीवर त्यांचा गुडघा चौकटीला आपटला तो आजतागायत धड झालेला नाही. त्यानंतर यांच्या मणक्याची गादी सरकली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. अम्मा आता सत्त्याहत्तरच्या. मी दोन महिने वहीत फळ्या, कड्या, स्क्रू, औषध, टेम्पो लिहीत होते. पुन्हा पाणी आलं तर जिथे कोरडं राहायचं ती जागा मजबूत करायचा हा सगळा खटाटोप, आणि जिला सगळ्यात आधी वर न्यायचं तिला वर नेण्याचा एक रुपयाही त्या पानावर नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे अम्मांना हे माहीत होतं. त्या तिथेच पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मी विचारलं, ‘तुम्ही बोलला का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘तू एवढा हिशेब करत होतीस. मी म्हटलं, मी त्यात कुठे वाढवू.’

त्या रात्री पान फाडलं नाही, पण पुढचं उघडलं. जिना. जमिनीपासून फळीपर्यंत नऊ फूट, १०८ इंच. सात इंचांच्या आसपास पायरी हवी तर पंधरा पायऱ्या येतात. पाऊल पूर्ण मावायला प्रत्येकी दहा इंच, म्हणजे सरळ जिना पावणेबारा फूट लांब, आणि माजघरात मधे दार. तेव्हा अर्ध्यावर वळण आणि तिथे दम घ्यायला छोटा चौक. दोन्ही बाजूंना कठडा. माजघराचा एक कोपरा जाणार, जिथे फ्रिज आहे. फ्रिज स्वयंपाकघरात कोंबू. मामांनी जुन्याच लाकडात करायचे २६,००० सांगितले.

मग काटछाट. मागच्या खोलीतल्या सहा फुल्या यंदा राहू देत, त्यांच्यावर कुणी पाय ठेवू नये म्हणून ट्रंका ठेवल्या. लाकूड तेराऐवजी दहा घनफूट, २२,०००. सुताराचे दिवस बाराऐवजी दहा, १८,५००. पॉलिशचा विचारही सोडला होताच, आता जवसाचं तेलही फक्त नव्या फळ्यांना, हजार रुपयांचं. औषध ९,००० तसंच ठेवलं, तिथे काटकसर केली तर सगळंच पाण्यात. कड्या २५,९६०. खिळे-स्क्रू ३,५००, टेम्पो २,५००. जिना धरून १,०८,४६०. दहा टक्के किरकोळ काढून टाकावं असं मनात आलं. पण जुन्या घराला हात लावला की ते काय दाखवील सांगता येत नाही, ते ठेवलं. १,१९,३०६.

वीस हजार कमी.

अम्मांची उमऱ्याची रक्कम आहे. पोस्टात, कित्येक वर्षांची, त्यांच्या शिलाईची. त्यांनी स्वतःहून सांगितलं, त्यातले घे. मी नाही म्हटलं. कुणाचा जायचा रस्ता तोडून आपला जिना करायचा, हे मला पटेना. त्या चिडल्या. ‘देत नाही, कर्ज देतेय. कर्ज-ए-हसना. बिनव्याजी, पण फेडायचं. आणि वहीत लिही. लिहून ठेवायचा हुकूम आहे.’ मी लिहिलं. त्यांनी वही ओढून घेतली आणि माझ्या मराठी ओळीखाली उर्दूत स्वतःची सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. दर महिन्याला दोन हजार, दहा महिने. दोन हप्ते गेलेत. तारखेला दुपारच्या नमाजनंतर त्या माझ्याकडे बघतात, बोलत काही नाहीत.

काम मे महिन्यात झालं. किरकोळमधले जवळजवळ सगळे पैसे लागले. सातवी कडी निघाली, ती पहिल्यांदा ठोकताना टणक वाजली होती. मामा स्वतःवरच चिडले. दुसऱ्या घरच्या फळ्या आमच्या फळ्यांपेक्षा गडद निघाल्या, त्यामुळे पुढची खोली आता पट्ट्यापट्ट्यांची दिसते. मुलीला आधी वाईट वाटलं, आता ती मैत्रिणींना सांगते की हे मुद्दाम केलंय.

जुन्या फळ्या एकमेकींना घट्ट बसत नाहीत, खाच आणि जीभ पाडायची तर दिवस वाढतात. मामा म्हणाले, फटी भुसा आणि सरस घालून भरून देतो, त्याचे वेगळे नाही लावत. त्यांनी भिंतीकडून सुरुवात केली होती तेवढ्यात अम्मा वर आल्या. पंधरा पायऱ्या, चौकात एकदा थांबून, दोन्ही हातांनी कठडा धरून, मी मागे. वर आल्या, खोलीभर बघितलं, मग जिन्याच्या तोंडाशी जी फळी आहे तिच्याशेजारी खुर्ची मागवली. बसल्या, वाकल्या आणि फटीतून खाली बघितलं.

‘ही नका भरू,’ त्या मामांना म्हणाल्या. ‘इथून पायऱ्या दिसतात.’